घरचा पत्ता फाइलबाहेर, कामाचा हिशेब लोकांसमोर

माहिती अधिकारात एक नेहमीचा अर्ज येतो. ‘आपल्या कार्यालयातील सर्व अधिकारी व कर्मचारी यांची नावे, पदनाम, रुजू दिनांक, सध्याचा निवासी पत्ता व मोबाईल क्रमांक यांसह यादी मिळावी.’ एका कार्यालयातला आस्थापना लिपिक संगणकावरची तयार एक्सेल फाइल उघडतो, प्रिंट काढतो, ‘सत्यप्रत’ शिक्का मारतो आणि पाच पानांचे दहा रुपये भरून घेऊन यादी देऊन टाकतो. मुदत पाळली, अपील टळले, विषय संपला. त्या यादीत मात्र एकट्या राहणाऱ्या परिचारिकेचा फ्लॅट क्रमांक आहे. वाळूच्या गाड्या अडवणाऱ्या तलाठ्याचे गाव आहे. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या शिक्षिकेचा नवा मोबाईल नंबरही आहे.

दुसऱ्या कार्यालयात नेमका हाच अर्ज येतो आणि एका ओळीचे उत्तर जाते. ‘मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(जे) नुसार देता येत नाही.’ पत्त्यासोबत नाव गेले, पदनाम गेले, रुजू दिनांकही गेला. आपल्या तालुक्यात किती पदे भरली आहेत आणि कोण कुठे नेमले आहे, हे विचारणारा नागरिक रिकाम्या हाताने परततो.

पहिल्या कार्यालयाने माणूस उघडा पाडला, दुसऱ्याने पद झाकून ठेवले. या लेखाचा सगळा भर एकाच नियमावर आहे. पदाची माहिती लोकांची आहे आणि घराची माहिती त्या माणसाची आहे. ही रेघ अर्ज आल्यावर घाईघाईने ओढायची नसते. कागद तयार होतो त्या दिवशीच ती ओढलेली असली पाहिजे.

कायदा काय म्हणतो

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याच्याही आधीचा आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे तो मिळाला आणि केंद्राचा कायदा येईपर्यंत तोच चालला. पारदर्शकतेसाठी या राज्याने किंमत मोजली आहे, म्हणून कर्मचाऱ्याच्या खासगीपणाबद्दल बोलताना ती कमाई हातची जाणार नाही, इकडे लक्ष ठेवायला हवे.

कायद्याचे कलम ४ प्रत्येक कार्यालयाला १७ मुद्द्यांची माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करायला सांगते. त्यात अधिकारी आणि कर्मचाऱ्यांची निर्देशिका आहे, प्रत्येकाचे मासिक वेतन आहे आणि जन माहिती अधिकाऱ्याचे नाव व पदनाम आहे. ही माहिती दरवर्षी अद्ययावत करणेही बंधनकारक आहे. या १७ मुद्द्यांत घरचा पत्ता कुठेही मागितलेला नाही.

कलम ८(१)(जे) वैयक्तिक माहितीबद्दल आहे. मूळ कायद्यात या कलमाला अटी होत्या. माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने व्यक्तीच्या खासगीपणावर अनाठायी आक्रमण होणार असेल, तरच नकार देता येत असे. आणि व्यापक जनहित असेल तर तेव्हाही माहिती द्यावी लागे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने या अटी काढून टाकल्या. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. आता या कलमात फक्त ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द उरले आहेत.

बऱ्याच कार्यालयांना वाटते की त्यामुळे सगळे दार बंद झाले. ते बरोबर नाही. कलम ८(२) जागेवर आहे. संरक्षित हिताला होणाऱ्या हानीपेक्षा माहिती देण्यातले जनहित मोठे असेल, तर सूट असतानाही माहिती देता येते. कलम ४ बदललेले नाही. कलम १० सुद्धा कायम आहे आणि ते झाकण्याजोगा भाग वगळून उरलेली माहिती द्यायला सांगते. त्यामुळे नव्या दुरुस्तीचा आधार घेऊन कर्मचाऱ्याचे पदनाम किंवा वेतनही नाकारणे म्हणजे एका कलमाच्या नावाखाली दुसरे कलम मोडणे आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे निकालही माहीत असावेत. भविष्य निर्वाह निधी संघटनेतल्या एका अधिकाऱ्याबद्दलच्या गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात, २०१२ मध्ये, न्यायालयाने मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्ता आणि प्राप्तिकर विवरणपत्रे वैयक्तिक माहितीत धरली. कॅनरा बँक विरुद्ध सी. एस. श्याम या २०१७ च्या निकालात बँकेच्या सगळ्या लिपिकवर्गाच्या बदल्या-नेमणुकांचा तपशील सरसकट मागणे मान्य झाले नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सांगितले. १३ नोव्हेंबर २०१९ च्या सुभाषचंद्र अग्रवाल निकालात पत्ता हा वैयक्तिक अभिलेखाचा भाग म्हणून स्पष्टपणे नोंदवला गेला, आणि व्यापक जनहित दिसले तर अशी माहितीही मिळू शकते, हेही त्याच निकालात आहे.

तीन कप्पे

आस्थापना शाखेने कर्मचाऱ्याविषयीची प्रत्येक नोंद तीनपैकी एका कप्प्यात बसवून पाहावी.

पहिला कप्पा खुला. नाव, पदनाम, शाखा, नेमणुकीचे ठिकाण, सध्याच्या पदावर रुजू झाल्याचा दिनांक, वेतन व भत्ते, कार्यालयाचा दूरध्वनी, शासनाने दिलेला सीयूजी मोबाईल आणि शासकीय ई-मेल. सीयूजी क्रमांकाचे बिल सरकार भरते, तो लपवायचे कारण नाही.

दुसरा कप्पा बंद. निवासी पत्ता, वैयक्तिक मोबाईल, वैयक्तिक ई-मेल, आधार, पॅन, बँक खाते, कुटुंबीयांची नावे व वारसनोंद, वैद्यकीय प्रमाणपत्रे, पगारातून होणारी कर्ज आणि विम्याची कपात. आधार क्रमांक तर सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करायला २०१६ च्या आधार कायद्याचीच मनाई आहे.

तिसरा कप्पा विचार करण्याचा. जन्मतारीख, जातप्रवर्ग, शैक्षणिक पात्रता, रजेची नोंद, विभागीय चौकशी. ही माहिती कधी खासगी असते, तर कधी तिच्यातूनच गैरव्यवहार उघड होतो. बनावट पदवीवर नोकरी लागल्याचा सबळ संशय असेल, तर पात्रतेची कागदपत्रे जनहिताची ठरतात. इथे प्रत्येक अर्जावर स्वतंत्र आणि लेखी कारणांसह निर्णय लागतो.

पहिल्या दोन कप्प्यांत वाद फारसा उरत नाही. वेळ वाचतो तो तिसऱ्या कप्प्यासाठी वापरावा.

गळती होते कुठून

माहिती अधिकाराचा अर्ज हा गळतीचा एक रस्ता झाला. त्याहून जास्त माहिती रोजच्या कागदांतून बाहेर जाते, आणि तिची वाट बंद करायला कायद्याचे कलम लागत नाही.

सेवाज्येष्ठता यादी घ्या. आक्षेप मागवण्यासाठी ती संकेतस्थळावर टाकली जाते. नको असलेले स्तंभ एक्सेलमध्ये फक्त ‘हाइड’ केलेले असतात. फाइल उतरवून घेणाऱ्याने ते पुन्हा उघडले की मोबाईल आणि जन्मगाव समोर येते. यादी प्रसिद्ध करायची असेल तर लागणारे स्तंभ नव्या फाइलमध्ये घ्या आणि तीच पीडीएफ करा.

निवडणूक प्रशिक्षणाच्या आदेशांना मानधनासाठी मागवलेली बँक खात्यांची आणि मोबाईलची यादी जोडलेली असते. तोच आदेश तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो. आदेश एका कागदावर आणि मानधनाचा तक्ता दुसऱ्यावर, एवढी शिस्त पुरते.

रजेच्या अर्जात ‘रजेच्या कालावधीतील पत्ता’ असा रकाना असतो. अर्ज प्रकरणात लागतो आणि प्रकरण कोणी पाहायला मागितले की पत्ताही दिसतो. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ही सोय मोलाची आहे. म्हणून फाइल समोर ठेवण्याआधी तिच्यातले असे कागद सुट्टी लागण्यापूर्वीच, शुक्रवारी, वेगळे करून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

चौकशी अहवालातले जबाब हा सर्वांत दुर्लक्षित कागद. प्रत्येक जबाबाची सुरुवात ठरलेली असते: नाव, वय, धंदा, राहणार, मोबाईल नंबर. अहवालाची प्रत द्यायची वेळ आली की सगळ्या साक्षीदारांची घरे एकदम उघडी होतात. कर्मचाऱ्याचा जबाब त्याच्या कामासंदर्भात असेल, तर ‘राहणार’ऐवजी ‘नेमणूक’ लिहून घ्या आणि संपर्कासाठी कार्यालयाचा क्रमांक घ्या.

लैंगिक छळाच्या तक्रारीचे कागद तर वेगळ्याच कुलपात हवेत. २०१३ च्या कायद्याचे कलम १६ माहिती अधिकार कायद्याला बाजूला ठेवून सांगते की तक्रारीचा मजकूर आणि तक्रारदार महिला, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख व पत्ते जाहीर करता येत नाहीत. या कागदांवर अर्ज आला तर जन माहिती अधिकाऱ्याने आधी हे कलम वाचावे.

शेवटचा रस्ता फिर्यादीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या यूथ बार असोसिएशन निकालानंतर संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. तलाठी किंवा वनरक्षक सरकारतर्फे फिर्याद देतो, तेव्हा फिर्यादीच्या रकान्यात बहुतेक वेळा त्याचा घरचा पत्ता बसतो. मग ज्याच्याविरुद्ध फिर्याद दिली, त्याला तो घरबसल्या वाचता येतो. सरकारतर्फे फिर्याद देताना पत्ता कार्यालयाचाच लिहावा, असा आग्रह ठाणे अंमलदाराकडे धरा. पंचनामा, प्रतिज्ञापत्र आणि न्यायालयातले शपथेवरचे म्हणणे यांतही पदनाम व कार्यालयाचा पत्ता पुरतो.

कर्मचाऱ्याने आजपासून काय करावे

कार्यालयाचा नंबर आणि स्वतःचा नंबर वेगळा करा. सीयूजी सिम मिळत असेल तर ते घ्या. मिळत नसेल तर कार्यालयप्रमुखाला लेखी मागणी करा आणि पोच ठेवा. दरम्यान स्वस्तातले दुसरे सिम फक्त कामासाठी वापरले तरी घरचा नंबर सुरक्षित राहतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, आरोग्य उपकेंद्राच्या फलकावर आणि निविदा सूचनेत तोच कामाचा नंबर लिहा. बदली झाली की आपले नाव आणि नंबर फलकावरून उतरवायला सांगा. जुन्या फलकांवरचे नंबर वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि निवृत्त माणसाला मध्यरात्री फोन येतात.

ई-मेलचेही तेच. खासगी जीमेलवरून कार्यालयाचा पत्रव्यवहार केला की ती मेल अभिलेखाचा भाग होते, आणि तुमचा खासगी ई-मेल पत्ता प्रत्येक प्रतीवर छापला जातो. एनआयसीचे शासकीय खाते मागून घ्या.

सेवापुस्तकात पत्ता आणि वारसनोंद अचूक ठेवा. माहिती लपवण्याचा अर्थ ती कार्यालयाला न देणे असा होत नाही. अपघात झाला, कोणी दगावले, तर कार्यालयाला घरी निरोप पोहोचवता आला पाहिजे. कार्यालयाकडे खरा पत्ता असावा आणि तो सेवापुस्तकातच राहावा.

आस्थापना शाखेला एक साधे पत्र देऊन ठेवा: ‘माझा निवासी पत्ता, वैयक्तिक मोबाईल व ई-मेल मी कार्यालयास सेवाविषयक कामासाठी गोपनीय म्हणून दिलेले आहेत.’ या एका ओळीचा उपयोग पुढे होतो, कारण कलम ११ मधले त्रयस्थ पक्षाचे, म्हणजे इथे तुमचे, संरक्षण त्या पक्षाने गोपनीय मानलेल्या माहितीला मिळते.

आपल्या मर्यादाही ओळखा. मतदार यादी आणि सातबारा हे सार्वजनिक अभिलेख आहेत. चिकाटीने शोधणाऱ्याला तिथून तुमचे गाव कळेल. कार्यालयाने निदान आपल्या हाताने पत्ता देऊ नये, एवढे मात्र नक्की साधता येते, आणि बहुतेक त्रास तेवढ्याने टळतो.

नोटीस आली तर

तुमच्याविषयीची माहिती कोणी मागितली आणि जन माहिती अधिकारी ती देण्याचा विचार करत असेल, तर कलम ११ नुसार त्याने अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत तुम्हाला लेखी नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत तुम्ही म्हणणे मांडायचे. अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांच्या आत अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा. निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे.

नोटीस म्हणजे नकाराधिकार नव्हे. तुम्ही ‘माझी हरकत आहे’ असे लिहिले म्हणून माहिती थांबतेच असे नाही. म्हणून हरकत नेमकी लिहा. काय द्यायला हरकत नाही, ते आधी लिहा. काय देऊ नये, ते नंतर, कारणासह. सरसकट हरकतीपेक्षा असे पत्र अपिलात जास्त टिकते. मजकूर साधारण असा असावा:

‘आपल्या नोटिशीस अनुसरून कळविण्यात येते की, माझे नाव, पदनाम, रुजू दिनांक, वेतन व कार्यालयीन दूरध्वनी क्रमांक देण्यास माझी हरकत नाही. माझा निवासी पत्ता, वैयक्तिक मोबाईल क्रमांक व वैयक्तिक ई-मेल ही माझी व माझ्या कुटुंबीयांची वैयक्तिक माहिती असून ती मी कार्यालयास केवळ सेवाविषयक कामासाठी गोपनीय म्हणून दिली आहे. माझ्या पदाच्या कर्तव्यांशी तिचा संबंध नाही आणि कामकाजासाठी माझ्याशी कार्यालयाच्या पत्त्यावर संपर्क होऊ शकतो. सबब सदर तपशील कलम ८(१)(जे) अन्वये देऊ नये व कलम १० अन्वये तो वगळून उर्वरित माहिती देण्यात यावी.’

तुमच्या कामाबद्दलच्या माहितीवर, म्हणजे तुम्ही दिलेले दाखले, काढलेली बिले, केलेल्या पाहण्या यांवर, या पत्रात हरकत घेऊ नका. ती तुमची खासगी माहिती नाही.

धोका खरा असेल तेव्हा

काही पदांवर पत्ता उघड होणे म्हणजे जिवाशी खेळ असतो. वाळू आणि गौण खनिजावर कारवाई करणारे महसूल कर्मचारी, दारूबंदीचे छापे घालणारे, अतिक्रमण काढणारे, बालविवाह थांबवणारे, कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत संरक्षण अधिकारी म्हणून काम करणारे. इथे कलम ८(१)(जी) लागू पडते. एखाद्याच्या जिवाला किंवा शारीरिक सुरक्षेला धोका होईल अशी माहिती त्याखाली रोखता येते.

या कलमाचा आधार घेताना धोक्याची नोंद जोडा. मिळालेली धमकी, त्याबद्दल दिलेली तक्रार, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, कॉल आलेल्या वेळा. ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ असे मोघम लिहिलेले उत्तर आयोगासमोर टिकत नाही. धमकी आली तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ आहे, महिलेच्या पाठलागासाठी कलम ७८ आहे आणि कर्तव्य बजावताना हल्ला झाला तर कलम १३२ आहे. तुमचा नंबर समाजमाध्यमावर टाकून त्रास दिला जात असेल, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. कार्यालयप्रमुखाला त्याच दिवशी लेखी कळवा. तुम्ही सरकारचे काम करताना हा त्रास होतो आहे, आणि त्याविरुद्ध उभे राहणे हे कार्यालयाचेही काम आहे.

जन माहिती अधिकाऱ्यासाठी

अर्जात पत्ता आणि मोबाईल मागितला असेल आणि तुम्ही ते देणार नसाल, तर दोनशे कर्मचाऱ्यांना नोटिसा काढत बसण्याची गरज नाही. कलम ११ ची नोटीस माहिती देण्याचा विचार असेल तेव्हाची आहे. पत्त्याचे स्तंभ वगळा, बाकीची यादी ३० दिवसांत द्या आणि उत्तरात वगळलेल्या भागाचे कारण लिहा. कलम १०(२) नुसार अर्जदाराला हे कळवायचे असते: कोणता भाग वगळला, का वगळला, निर्णय कोणी घेतला आणि अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचे. नमुना:

‘मुद्दा क्र. १ ते ३ ची माहिती सोबत जोडली आहे. मुद्दा क्र. ४ मधील निवासी पत्ते व वैयक्तिक मोबाईल क्रमांक ही कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(जे) अन्वये वगळली आहे. कलम ८(२) नुसार तपासले असता, ती देण्यातून साध्य होणारे जनहित अर्जावरून दिसून येत नाही. कर्मचाऱ्यांशी संपर्कासाठी कार्यालयाचा पत्ता, दूरध्वनी व शासकीय ई-मेल यादीत दिले आहेत.’

कलम ८(२) चे वाक्य गाळू नका. जनहित तपासले की नाही, हे अपिलात सर्वांत आधी विचारले जाईल.

आता कागद झाकण्याची पद्धत. मूळ कागदावर काळी स्केचपेन मारून तोच देऊ नका. उजेडासमोर धरला किंवा कागद उलटा केला की खालचे आकडे वाचता येतात, शिवाय मूळ अभिलेख कायमचा खराब होतो. आधी झेरॉक्स काढा, त्या प्रतीवर काळे करा, मग त्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढा आणि ती दुसरी प्रत द्या. पीडीएफवर काळी पट्टी ओढली म्हणजे मजकूर गेला, असेही समजू नका. पट्टीखालचा भाग निवडून कॉपी केला आणि वर्डमध्ये चिकटवला की क्रमांक जसाच्या तसा उतरतो. पट्टी ओढलेले पान छापा आणि ते स्कॅन करून पाठवा. पाठवण्यापूर्वी स्वतः एकदा कॉपी करून बघा.

ऑनलाइन पाठवताना ई-मेलच्या जोडपत्रांची नावे आणि पाने मोजा. घाईत मूळ फाइलच जोडली जाण्याचा प्रकार सगळ्यात जास्त घडतो. देणाऱ्याने एक प्रत तयार करावी आणि दुसऱ्याने ती तपासून आद्याक्षरी करावी.

कारण नसताना किंवा वाईट हेतूने माहिती नाकारली, तर कलम २० नुसार रोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागू शकतो. उलट बाजूने, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील सुरक्षिततेच्या जबाबदाऱ्या नोव्हेंबर २०२५ पासून १८ महिन्यांनी लागू होत आहेत, आणि सुरक्षेत हलगर्जी झाल्यास त्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तोपर्यंतचा काळ तक्ते आणि फाइली नीट लावण्यासाठी मिळालेला आहे.

अवघड प्रश्न: मुख्यालयी राहण्याचा

ग्रामीण महाराष्ट्रात पत्त्याची मागणी बहुतेक वेळा एका खऱ्या तक्रारीतून येते. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहत नाहीत, तरी घरभाडे भत्ता उचलतात, अशी ती तक्रार असते. गावात रात्री साप चावला आणि उपकेंद्राला कुलूप दिसले, तर लोक पत्ता मागणारच. इथे ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून दार लावणे लोकांवर अन्याय आहे.

पण हा प्रश्न सोडवायला घर क्रमांक लागत नाही. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहत असल्याचे प्रमाणपत्र दिले का, ते कोणत्या गावाचे आहे, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडला आहे का, किती महिने किती घरभाडे भत्ता दिला, वरिष्ठांनी शेवटची पडताळणी कधी केली आणि तिचा निष्कर्ष काय, एवढी माहिती द्या. गल्ली, घर क्रमांक आणि मालकाचे नाव झाका. भत्ता सरकारी पैशातून गेला आहे, त्यामुळे त्याचा हिशेब पूर्ण खुला. कर्मचारी गावात नसतो, असे या उत्तरातूनच दिसले तर चौकशी मागता येते, आणि पत्त्याची शहानिशा चौकशी अधिकारी करतो. ते काम शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे सोपवायचे नसते.

अर्जदारांसाठी

माहिती मागणाऱ्यांनी प्रश्न पदाबद्दल विचारावा. ‘अमुक कर्मचाऱ्याचा पत्ता द्या’ यापेक्षा ‘या पदावरील कर्मचाऱ्याने एप्रिल ते मार्च या काळात केलेल्या गृहभेटींची नोंदवही पाहायला द्या’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे आणि नाकारायला अवघड. वैयक्तिक माहिती खरोखर लागत असेल, तर जनहित कोणते ते अर्जातच दोन ओळींत लिहा. कायदा तुम्हाला कारण विचारत नाही, पण कलम ८(२) चा विचार व्हावा असे वाटत असेल तर कारण दिलेले बरे. पत्ता नाकारला आणि त्यासोबत बाकीची यादीही नाकारली, तर अपील करा आणि कलम १० चा आधार घ्या. महाराष्ट्रात प्रथम अपिलाला २० रुपये शुल्क लागते.

अर्जदाराच्या घराचेही रक्षण याच कायद्यात आहे. कलम ६(२) नुसार संपर्कापुरता तपशील सोडून अर्जदाराकडून दुसरी वैयक्तिक माहिती मागता येत नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोस्ट बॉक्स क्रमांक दिलेला असताना घराच्या पत्त्याचा आग्रह धरू नये, असे सांगितले. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. माहिती मागणाऱ्याचा पत्ता बाहेर सांगणारे कार्यालय किती मोठा धोका पत्करते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. आपल्या कर्मचाऱ्यांचा पत्ता जपणाऱ्या कार्यालयाने अर्जदाराचे नाव आणि पत्ता ठेकेदाराला किंवा ज्याच्याविरुद्ध माहिती मागितली त्याला कळवणे हे कधीही क्षम्य नाही.

आस्थापना शाखेचे काम

हे सगळे नियम अंगवळणी पडावेत असे वाटत असेल तर सुरुवात एका तक्त्यापासून करा. कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांचे दोन तक्ते तयार करा. एकात नाव, पदनाम, शाखा, रुजू दिनांक, वेतन, कार्यालयीन दूरध्वनी व शासकीय ई-मेल. हा संकेतस्थळावर टाका, फलकावर लावा, मागेल त्याला द्या आणि दर तिमाहीला सुधारा. दुसऱ्यात घरचा पत्ता, वैयक्तिक मोबाईल, आणीबाणीत कोणाला कळवायचे ते नाव. हा पासवर्ड घालून कार्यालयप्रमुख आणि आस्थापना लिपिक या दोघांकडेच ठेवा, आणि कोणी कधी पाहिला याची नोंद ठेवा. पहिला तक्ता पूर्ण आणि ताजा असेल तर दुसरा मागण्याचे कारण बहुतेक अर्जांना उरत नाही. लोकांना कामासाठी माणूस भेटत नाही, तेव्हाच त्याच्या घरचा पत्ता शोधला जातो. तो कार्यालयात, ठरल्या वेळी, ठरल्या नंबरवर भेटू लागला की घराकडची वर्दळ आपोआप कमी होते.